दोन सीटची गाडी

१

माझ्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, गाडी विकणाऱ्यानं नाही, आणि ज्या म्हाताऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं त्यानंही दुसऱ्या दिवशी शब्द फिरवला. माझ्या गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असायचं, एवढंच मी सांगत होते. भूत म्हटलं नाही, देव म्हटलं नाही. बसलेलं असायचं म्हटलं. त्यावर लोक माझ्या पिकल्या केसांकडं बघायचे आणि गालातल्या गालात हसायचे. म्हणून आता लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंत झालीय, पण अक्षर डॉक्टरपेक्षा बरं आहे.

वेल्ह्याकडच्या डोंगरात आमची वस्ती. वीस वर्षं मी दुधाचा टेम्पो चालवते. सकाळी वस्तीवरचं आणि खालच्या दोन वाड्यांचं दूध गोळा करायचं, कॅन चढवायचे, नसरापूरच्या बाजूला केंद्रावर नेऊन टाकायचे. टेम्पो माझा, डिझेल माझं, आणि बसायला सगळा मुलूख. मास्तर बसणार, तलाठ्याचा माणूस बसणार, तांदळाचं पोतं घेऊन म्हातारी बसणार. नाही म्हटलं तर, अक्काला माज आलाय. एकदा एक बाई तीन पोरं आणि एक शेळी घेऊन पुढं चढली आणि मला म्हणाली, जरा हळू घ्या, शेळीला मळमळतंय.

त्या दिवशी मी ठरवलं. आयुष्यात एक तरी गाडी अशी घ्यायची, की तिच्यात कुणाला बसायला जागाच नसेल.

२

कापूरहोळला ढाब्यांच्या मागं हनुमंताचं गॅरेज आहे. टेम्पोचं पंक्चर काढायला गेले होते. ताडपत्रीखाली लाल काहीतरी दिसलं. मी ताडपत्री उचलली. गाडी इतकी बसकी, की तिच्या छपरावर मी कोपर टेकवलं तर वाकावं लागलं. दोन दारं, दोन सीट, मागं काही नाही. रंग उन्हानं उडालेला आणि एक आरसा तारेनं बांधलेला.

पुण्यातल्या कुणी हौसेनं घेतली होती, हौस फिटली तशी विकली, असं हनुमंत म्हणाला. सहा महिने पडून होती. आपल्या भागात अशी गाडी घेणार कोण.

"मावशी, ही तुमच्या कामाची न्हाई," तो म्हणाला. "दोघंच बसत्यात."

"दोघंच? तिसरं न्हाईच?"

"तिसरं घ्यायचं तर मांडीवर घ्यावं लागंल."

दोन म्हशींच्या किमतीत गाडी येत होती. म्हशी माझ्याच होत्या, कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. मी चालवून बघते म्हटलं. बसायचं म्हणजे पाटावर बसल्यागत, पाय लांब करून. हनुमंत शेजारी बसला. बसल्याबरोबर गाडी टिंग टिंग वाजायला लागली. त्यानं पट्टा लावला तशी थांबली. शेजारच्या सीटवर माणूस बसलं आणि पट्टा नाही लावला की वाजते, उठलं की गप्प होते, असं त्यानं उठून, बसून, परत उठून दाखवलं. पोरासारखा खूश झाला होता तो.

मग एकटीच मी हायवेनं लांबवर जाऊन आले. गाडी गप्प होती. हे मी शपथेवर सांगते, कारण नंतर सगळ्यांनी हनुमंताला धरलं, त्यानं खराब गाडी गळ्यात मारली म्हणाले. गाडी खराब नव्हती. मी घेतली तेव्हा ती सीट रिकामी होती.

३

रविवारी अंगणात गाडीची पूजा घातली. चाकाखाली लिंबं, नारळ, झेंडूचा हार, सगळं रीतीनं. पूजा सांगायला रखमाजी तात्या, म्हणजे नवऱ्याचे चुलते. वस्तीवर गाडी येवो नाहीतर म्हैस, हळद-कुंकू त्यांच्याच हातानं लागतं. सोनिया, माझी एकुलती एक पोरगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा सरत होता. तिला ओट्यावर खुर्ची टाकून बसवली होती.

तात्या म्हणाले, दोन सीटची गाडी आहे, नवरा-बायकोनं जोडीनं आत बसा, मग ओवाळू.

नवरा धनाजी जांभळीखाली तंबाखू मळत बसला होता. त्याला पिकअप पाहिजे होती. आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हता, त्या दिवशी तेवढं बोलला, की मला त्या डबीत बसायचं नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, कागदावर करायची गरज नाही. मी तीनदा बोलावलं. वस्तीवरच्या सगळ्या बाया बघत होत्या.

"तात्या," मी म्हटलं, "त्यांच्या जागी सुपारी मांडा."

तात्यांनी हातातलं ताम्हण खाली ठेवलं. "बायको नसंल तर बाप्या सुपारी मांडतो. नवऱ्याच्या जागंवर कुणी मांडत न्हाई. आणि त्यो हितं जिता बसलाय."

मी ऐकणारी असते तर आज हे लिहायला बसले नसते. ताटातली सुपारी उचलली, हळदीत घोळवली, कुंकू लावलं, आणि शेजारच्या सीटवर विड्याचं पान टाकून त्यावर बसवली. "ह्यो घ्या माझा मालक," मी म्हटलं. "ह्यो तरी बसंल, आणि गप बसंल." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सोनिया पोट धरून हसली. धनाजी उठून गोठ्यात निघून गेला. तात्यांनी पुढची पूजा भराभर उरकली.

पूजा झाली की अक्षता टाकून मांडलेली सुपारी जागची हलवायची असते. हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. हलवली की झालं, मग ती नुसती सुपारी. पण तेवढ्यात खालनं हाका आल्या, कुणाची तरी म्हैस विहिरीच्या कडेला अडकली होती, आणि सगळी धावली. मीही धावले. परतायला दिवस मावळला. सीटवर पान होतं, सुकून आकसलेलं. सुपारी नव्हती. कोंबडीनं नेली असेल म्हटलं, आणि भाकरी टाकायला गेले.

४

तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा वाजली. सकाळचे नऊ वाजले असतील, लख्ख ऊन, नसरापूरच्या रस्त्याला. मी एकटी. टिंग टिंग टिंग.

शेजारी बघितलं. काही नाही. सीटवर हात फिरवला, खाली चाचपलं, गाडी बाजूला घेऊन सीटची गादी उपसून बघितली. सुपारी अडकली असेल, दाबली जात असेल, असं मनात होतं. धूळ निघाली, कुणाचं तरी जुनं पेन निघालं. परत बसले, गाडी चालू केली. टिंग टिंग.

हनुमंताकडं नेली. सीटखाली माणसाचं वजन ओळखायचं एक यंत्र असतं, ते खराब झालंय म्हणाला, आणि त्याची वायर कापली. मी बघत होते कापताना. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. कापूरहोळच्या वळणापर्यंत गाडी गप्प आली. वळणावर मी गिअर टाकला, शेजारची सीट जराशी करकरली, माणूस बूड हलवून नीट बसतं तशी, आणि वाजायला लागली.

फोन करून सांगितलं तर हनुमंत हसला. वायर कापल्यावर वाजणार कशी, मावशी, तुमच्या कानात वाजत असंल.

मी डोक्यानं चालणारी बाई आहे. बिघाड म्हणजे बिघाड. शेजारच्या सीटचा पट्टा ओढून नुसताच अडकवून टाकला. वाजायचं थांबलं. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पट्टा अडकवलेला तसाच होता, पण सीटला चपटा चिकटलेला नव्हता. मधे वीतभर जागा सोडून, ताणलेला, फुगवट्यावरून गेल्यासारखा गोल उभा होता. मी बोटानं दाबला. आत गेला नाही.

५

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. भिऊन घरात बसणाऱ्यातली मी नाही.

टेम्पोची दुधाची फेरी झाली की हिशेबाला केंद्रावर मी ह्या गाडीनं जायचे. जेवणाचा डबा आणि दुधाचं भांडं घातलेली पिशवी शेजारच्या सीटवर ठेवायची. केंद्रावर उतरायचं, पाच मिनिटांत परत यायचं. पिशवी खाली, पाय ठेवायच्या जागेत असायची. पडलेली नव्हे. धरायचे बंद वर करून, उभी, एका बाजूला सारून. आपण बसायच्या आधी जागा करून घेतो तशी. पिशवीतलं थेंबभर दूधही सांडलेलं नसायचं. सलग चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी दाराला कुलूप लावून गेले. पिशवी खालीच.

मग गेनबा. खालच्या वाडीचा म्हातारा, ऐंशीच्या घरातला, वीस वर्षं माझ्या टेम्पोतनं फुकट फिरलेला. फाट्यावर उभा होता. मी गाडी घेतल्यापासून त्यानं मला हात केला नव्हता, त्या दिवशी केला, ऊन फार होतं. मी थांबवली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कुणीतरी ह्या सीटवर बसेल म्हणून. तो कमरेत वाकला, शेजारच्या काचेतनं आत बघितलं, आणि मागं सरकला.

"हाय की बसलेलं माणूस," म्हणाला. "जावा तुमी. मी मागनं येतो कशानं तरी."

मी खाली उतरले. बाबा, कोण बसलंय, नीट सांगा. तो म्हणाला, तुझा पाव्हणा, मला काय ठाऊक. कसा दिसतोय? तो म्हणाला, तोंड पलीकडं करून बसलाय, तुझ्याकडं. मग माझ्या तोंडाकडं बघून त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, काठी टेकत टेकत उलट्या वाटेनं चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला चार माणसांत विचारलं. काचेवर ऊन होतं म्हणाला. चाळशी घरी राहिली होती म्हणाला. चारही माणसं मग माझ्याकडं बघत राहिली.

६

रखमाजी तात्या एका संध्याकाळी येऊन ओट्यावर टेकले. चहा घेतला. सोनियाला कितवा चाललाय ते विचारलं. आठवा, मी म्हटलं. गाडीकडं बघत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी सुपारी हलवलीस ना?"

"हलवली," मी म्हटलं.

का खोटं बोलले ते मला सांगता येणार नाही. मला कुणी चूक दाखवली की माझं तोंड आधी चालतं. तात्या, बरं, एवढंच म्हणून गेले.

ते गेले तसं मी धनाजीला गोठ्यातनं ओढून आणलं. गाडी सबंध दिवस जांभळीच्या सावलीत उभी होती. दार उघडलं. तुमची जागा हाय ती, बसा, म्हटलं. त्यानं मला वेडी म्हटलं, पण बसला. भांडण मिटतंय असं वाटलं असेल बिचाऱ्याला. बसला आणि लगेच दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उठला. कमरेमागची जागा हातानं झाडत राहिला.

काय झालं, मी विचारलं.

सीट ऊन आहे, म्हणाला.

सावलीत आहे सकाळपासून, मी म्हटलं. मग तो चिडला. गाडी आहे, लोखंड आहे, तापणारच. तुझ्या डोक्यात भरलंय म्हणून आता घरातल्या सगळ्यांनी भरवून घ्यायचं का. आवाज चढवून बोलत होता, पण गाडीकडं पाठ करून उभा राहायला तयार नव्हता. रात्री त्यानं अंथरूण मागच्या सोप्यात टाकलं.

मी हनुमंताला फोन केला, गाडी परत घे. म्हशी गेल्या तर गेल्या. तो म्हणाला, शनिवारी येतो न्यायला.

गुरुवारी सोनियाला कळा आल्या.

७

दुपारचे बारा. आंबवड्याला लग्न होतं, तात्यांच्या नातीचं. टेम्पोत बायका-पोरं भरून धनाजी सकाळीच गेला होता. वस्तीवरचं चालतं-फिरतं माणूस आणि चालणारी गाडी सगळं तिकडं. मी सोनियापाशी थांबले होते. तिच्या दिवसाला अजून दीड महिना होता.

आधी कंबर दुखते म्हणाली. मग न्हाणीतनं हाक मारली. जाऊन बघते तर अंगावरनं जात होतं, पायावरनं ओघळ. रुग्णवाहिकेला फोन लावला, ती दुसऱ्या बाईला घेऊन गेलेली, यायला तास-दीड तास लागेल म्हणाले. धनाजीचा फोन लागेना. तिचं नाव भोरच्या दवाखान्यात घातलेलं, सासर भोरचं म्हणून.

अंगणात लाल गाडी उभी होती.

मी सोनियाला धरून आणलं. शेजारचं दार उघडलं. किल्ली अजून माझ्या कमरेला होती, गाडी बंद होती, आणि आतनं टिंग टिंग वाजत होतं. सोनियानं एक पाय आत टाकला आणि थांबली.

"आई, हितं जागा न्हाई."

"बस."

"आई, खरंच. मला सरकायलाच येत न्हाई."

मी तिला बसवली. खरं लिहायचं तर ढकलली. दोन्ही खांद्यांना धरून आत दाबली. आतून विरोध झाल्यासारखं लागलं आणि मग एकदम सुटलं, ती बसली. टिंग टिंग थांबलं. पट्टा मी अजून हातातही घेतला नव्हता.

पट्टा घेतला तर पुरेना. आठवड्यापूर्वी मी दोन ढेरपोट्या पिशव्यांवरून तोच पट्टा लावला होता, आणि आता बोटभर कमी पडत होता. सोडून दिला. माझ्या बाजूला येऊन बसले, तिच्याकडं बघितलं. सोनिया माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी आहे. तिचं डोकं छपराला टेकलं होतं.

मी किल्ली फिरवली. दुसरं काय करणार होते.

८

त्या रस्त्याला मी डोळे मिटून टेम्पो चालवेन. कुठं खड्डा, कुठं गतिरोधक, कुठं म्हशी आडव्या बसतात, सगळं पाठ. त्या दिवशी गाडी जड होती. चढाला दम धरत नव्हती. दोन बायका आणि एक पोटातलं, एवढ्या ओझ्याची ती जडाई नव्हती.

सोनियानं डोळे घट्ट मिटले होते. दारावरच्या दांडीला दोन्ही हातांनी लटकली होती. कळ आली की दात आवळायची, कळ गेली की श्वास सोडायची, आणि तिचा श्वास सुटून झाला की आणखी एक सुटायचा. सावकाश. तिच्या मागनं. मी काच खाली केली, वाऱ्याचा आवाज यावा म्हणून.

पोट हलतंय ना, मी मधेच विचारत होते. हलतंय, ती म्हणायची. नसरापूरपर्यंत तीनदा विचारलं. तीनदा हलतंय म्हणाली.

हायवेला लागलो. ट्रकांची रांग होती. मी गिअर वर टाकला आणि डावा हात परत स्टेअरिंगवर ठेवला. हे मला पक्कं आठवतंय, कारण गाडी डाव्या बाजूला ओढत होती आणि तिला सरळ धरायला दोन्ही हात लागत होते.

"आई," सोनिया म्हणाली, "हात काढ."

"माझे हात हितं हायेत."

"दुखतंय. हात काढ ना."

मी बघितलं. एवढंच, ट्रक पुढं जायला जेवढा वेळ लागतो तेवढं. सोनियाचे दोन्ही हात वर दांडीला होते. माझे दोन्ही स्टेअरिंगवर होते. तिच्या पोटावर एक हात होता. पंजा पसरलेला, नखांत हळद. तो हात काही ओरबाडत नव्हता. घरचं माणूस ठेवतं तसा ठेवलेला होता, मालकीनं, आणि दाबत होता.

मागनं हॉर्न वाजला. मी पुढं बघितलं. परत बघायची हिंमत मला कापूरहोळचं वळण येईपर्यंत झाली नाही. वळले, भोरचा रस्ता धरला, आणि विचारलं, हलतंय का गं.

ती काही बोलली नाही.

मी थांबले नाही. हे पण लिहिते. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून पोरीला बाहेर ओढता आलं असतं. उन्हात, डांबरावर, पण बाहेर. मला वाटलं भोर जवळ आलंय. मला वाटलं, थांबले तर तो उतरणार नाही, वेळ तेवढा जाईल. मी पाय दाबला.

९

दवाखान्यात तिला चौघांनी उचलून नेली. नर्सनं कागदावर सही करायला सांगितली. उजव्या हातानं केली. कागद धरायला डावा हात पुढं केला तर मूठ उघडेना, बोटं वळून घट्ट झाली होती. नर्सनं एकेक बोट सोडवलं. स्टेअरिंग धरून धरून झालं असेल म्हणाली. मी व्हय म्हटलं.

मुलगा होता. आत आलो तेव्हाच गेलेला होता, किती वेळापूर्वी ते नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सोनिया वाचली.

मग ज्याला त्याला कुणीतरी सापडलं. धनाजीनं हनुमंताला शिव्या घातल्या. सोनियाची सासू म्हणाली, गरोदर पोरगी घरात असताना दोन सीटची गाडी घेणारी आई कसली. तात्या आले, माझ्यासमोर उभे राहिले, आणि न विचारताच त्यांना काय ते कळलं. शनिवारी हनुमंत गाडी न्यायला आलाच नाही. दवाखान्याच्या भिंतीपाशी मी सोडली होती, तिथनं ती धनाजीनं दुसऱ्या गाडीवर चढवून आणली. आत बसला नाही.

सोनिया सासरी गेली. महिनाभर माझा फोन उचलला नाही. मी एसटीनं भोरला गेले. जावई अभिषेक दारात उभा होता, या म्हणाला नाही, अडवलंही नाही. तो दारातच थांबला.

सोनिया कॉटवर बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून. सुपारी सांगितली, तात्यांशी खोटं बोलले ते सांगितलं, गेनबाला काय दिसलं ते, तिचं डोकं छपराला लागलं होतं ते. पोटावरचा हात सांगितला. एवढं सगळं मी दुसऱ्या कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, जगात एक माणूस तरी माझ्यावर विश्वास ठेवेल, कारण ते माणूस त्या सीटवर बसलं होतं.

तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली, "माझे डोळे मिटलेले होते. पण हात मला कळतो. त्याच हातानं मला न्हाऊ-माखू घातलंय. दुधाचा वास येत होता त्याला."

"सोने, माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते."

"मी म्हटलं हात काढ. तू काढला न्हाईस. त्याचं हलणं थांबंपर्यंत दाबून धरलास."

अभिषेक दारातनं बोलला. डॉक्टरांनी पोटावर वळ बघितला होता, पाच बोटांचा, डाव्या हाताचा. गाडी चालवणाऱ्या माणसाचा डावा हात शेजारच्या माणसाकडं असतो, एवढं त्यालाही कळत होतं. मी म्हटलं, मागनं आलेला डावा हातसुद्धा डावाच असतो. तो हसला नाही, चिडला नाही. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. पोलिसात द्यायचा अर्ज, म्हणाला. सगळं लिहून झालंय, एक जागा कोरी ठेवलीय. त्यानं सोनियाला विचारलं, तूच सांग, कुणाचं नाव घालू.

मी माझा डावा हात पदराखाली घेतला. का घेतला, मला माहीत नाही.

सोनिया खिडकीकडं बघत होती. चोवीस वर्षांत तिनं मला आईशिवाय कशानं हाक मारली नव्हती. माझं नाव तिला उच्चारता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं. तिनं ते सावकाश सांगितलं, त्याला नीट लिहून घेता यावं अशा बेतानं.

रत्ना.